टेबलाच्या टोकाला, ट्रे घेऊन

मित्रांनो, डबा उघडताच तुम्ही नाके मुरडलीत ते मी पाहिले. मला राग आलेला नाही. मी एक जुनी फिल्म आहे, आणि म्हातारपणी आमच्या अंगाला असा आंबट वास येतोच, व्हिनेगरची बाटली सांडल्यासारखा. हा वास सुटला की जाणकार समजतात, आता हिचे फार दिवस उरले नाहीत. म्हणून जे सांगायचे ते आजच सांगून टाकते. मध्येच आडवाटेला गेले तर सांभाळून घ्या.

फिल्म म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना सांगावे लागेल. आमच्या काळी सिनेमा म्हणजे एक लांबच लांब पट्टी असे. तिच्यावर टपाल तिकिटाएवढी चित्रे, एकाखाली एक. प्रत्येक चित्र आधीच्याहून अगदी किंचित वेगळे. ही पट्टी दिव्यासमोरून भराभर सरकली की पडद्यावरची माणसे चालू लागत. पट्टीच्या दोन्ही कडांना भोके असत, मशीनचे दाते त्यांत अडकावेत म्हणून. सबंध सिनेमा एका चाकावर मावत नसे, म्हणून त्याचे भाग करून वेगवेगळ्या रिळांवर गुंडाळत. अशा सगळ्या रिळांची मिळून मी.

माझा जन्म अंधाऱ्या खोलीत झाला. माझी आई म्हणजे निगेटिव्ह. तिच्यात सगळे उलटे होते. काळे केस पांढरे, पांढरा केक काळा, दात तर कोळशासारखे. तिच्या अंगाला अंग लावून, मग औषधांच्या पाण्यात न्हाऊन मी सुलटी झाले. जे घडले ते प्रत्यक्ष तिने पाहिले होते. माझ्यात जे आहे ते तिने दिलेले आहे.

माझी गोष्ट हसवणारी होती. एका मोठ्या साहेबांची छत्री दुकानात राहून जाते. तिथला एक भिडस्त कारकून ती परत करायला त्यांच्या बंगल्यावर जातो. नेमकी त्या दिवशी तिथे मेजवानी असते. दारावरचा माणूस त्याला पाहुणाच समजतो आणि आत ढकलतो. "अहो, मी फक्त छत्री..." एवढे तो म्हणतो, तोवर त्याच्या हातात सरबताचा पेला आलेला असतो. झाले! तिथून शेवटपर्यंत हा बिचारा साहेबांना गाठून छत्री द्यायची धडपड करतो, आणि ती छत्री ज्यात त्यात अडकत जाते. एका बाईंच्या मोत्यांच्या माळेत, एका गृहस्थांच्या केसांच्या टोपात, पडद्याच्या दोरीत. काही सांडले की तो माफी मागायला वाकतो, आणि वाकला की मागे आणखी काहीतरी कोसळते. सिनेमाचे नाव वेगळेच होते, लांबलचक आणि भारदस्त. ते कुणाच्याच लक्षात राहिले नाही. लोक मला 'छत्रीवाला पाहुणा' म्हणत.

पाहुण्याचे काम करणारा नट खऱ्या आयुष्यात फार जपून वावरत असे. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरी. आई म्हणे, एवढा सांभाळून चालणारा माणूसच इतका सुरेख पडू शकतो.

आता केकचा प्रसंग सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर तीन मजली केक. पाहुणा वाकतो, छत्रीची मूठ चादरीत अडकते. तो सरळ होतो आणि चादरीबरोबर केक टेबलावरून निघतो, सरळ, संथ, एखाद्या जहाजासारखा. टेबलाच्या टोकाला ट्रे घेऊन एक कामवाली उभी असते. केक तिच्या अगदी अंगाजवळून सुटतो आणि भिंतीवरच्या साहेबांच्या तसबिरीवर जाऊन आदळतो.

त्या कामवालीचे काम करणारी मुलगी त्या दिवशी तापाने फणफणली आणि आलीच नाही. दिग्दर्शक डोके धरून बसले. तेवढ्यात त्यांना कपड्यांच्या खोलीतली शिवणकाम करणारी बाई दिसली. पाहुण्याच्या कोटाची फाटलेली बाही शिवायला ती आली होती, तोंडात टाचण्या धरून.

"अहो बाई, त्या टाचण्या काढा आणि हा ट्रे धरा."

"मी? अहो साहेब, मला कुठे काम करता येतंय?"

"करायचं काहीच नाही. नुसतं उभं राहायचं. केक अंगावर आला की किंचाळायचं. घरात पाल दिसल्यावर किंचाळता ना?"

"पालीला मी घाबरत नाही."

"मग मला घाबरा!"

तिला कामवालीचा पोशाख घातला. ट्रेवर काचेचे पेले होते, म्हणून दोन्ही हात गुंतलेले. कॅमेरा सुरू झाला. पाहुणा वाकला, केक निघाला, आणि त्यामागे पाहुण्याचा तो गोंधळलेला चेहरा पाहून या बाईला किंचाळायचे सुचलेच नाही. ती खुदकन हसली. हसू आवरेना. तोंड झाकायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताचे मनगट तोंडावर धरले. खांदे गदगदत होते आणि पेले किणकिणत होते.

"कट! बाई, किंचाळायचं ठरलं होतं ना आपलं?"

"चुकलं साहेब. पुन्हा करते."

"पुन्हा कशी करता? केक एकच होता!"

त्यावर कॅमेरामन शांतपणे म्हणाले, "राहू द्या हो. असं हसू सांगून मिळत नाही." पाहुण्याचे काम करणारा नट भिंतीवरचा केक बोटाने पुसत तिच्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही हसलात तेव्हा कुठे मला वाटलं की जमलं."

असे ते हसू माझ्या आईत उतरले आणि आईकडून माझ्यात आले. पट्टी म्हणाल तर हातभर. पडद्यावर म्हणाल तर एक श्वास.

माझ्यासारख्या माझ्या बऱ्याच बहिणी निघाल्या आणि गावोगाव गेल्या. मीही खूप फिरले. पत्र्याच्या डब्यातून, गाडीच्या टपावरून, एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारून. नव्या नवरीसारखा माझा थाट होता. अंगावर एक ओरखडा नव्हता. लोक पोट धरून हसत, बाहेर पडताना एकमेकांना वाकून माफी मागत. फिरता फिरता मी एका थिएटरात आले आणि तिथेच राहिले. तिथल्या मालकांचा हिशेब सोपा होता. नवा सिनेमा पडला की ते म्हणत, "काढा त्या पाहुण्याला!" आणि खुर्च्या पुन्हा भरत.

मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरना सगळे मास्तर म्हणत. अंगाने किरकोळ, चष्मा दोऱ्याने बांधलेला, हात मात्र सुईणीसारखे हलके. मशीनची खोली वर होती, तापलेली आणि कोंदट, भिंतीत दोन छोट्या खिडक्या. दोन मशीन शेजारी शेजारी. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो. तो दिसला की दुसरे मशीन सुरू करायचे. बघणाऱ्याला काही कळत नाही. कुणी विचारले, "मास्तर, तुम्ही तर रोज फुकट सिनेमा बघता!" तर ते म्हणत, "मी कुठला सिनेमा बघतोय? मी ठिपका बघतो."

त्यांचे माझ्यावर खरेच प्रेम होते. मऊ कापडाने मला पुसत. माझा कुठला सांधा कुठे आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. फिल्म तुटली की फाटके टोक कापायचे, दोन कडा एकमेकींवर ठेवायच्या आणि चिकट्याने जोडायच्या. हा चिकटा मास्तर घरीच करत. कापलेले तुकडे कोमट पाण्यात भिजवायचे, त्यांवरचे चित्र पात्याने खरवडून मोरीत सोडायचे, उरलेली नितळ पट्टी बारीक कातरून एका उग्र औषधात टाकायची. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा त्याला वास येतो. त्यात पट्टी विरघळून दाट होते, मधासारखी. "फिल्मला फिल्मच धरून ठेवते," असे मास्तर म्हणत. म्हणून ते एकही तुकडा वाया घालवत नसत.

आणि मग वन्स मोअर.

कुणी सुरू केले ठाऊक नाही. एकदा केक भिंतीवर आदळला आणि मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्स मोअर!" मग सगळे थिएटर शिट्ट्या मारू लागले. मास्तरांनी मशीन थांबवले, दिवा झाकला, खालच्या चाकावरून मला हातांनी उलटी ओढली, पुन्हा दात्यांत बसवली आणि केक पुन्हा निघाला. लोकांनी टोप्या उडवल्या. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. माझ्या खेळाला येणारे लोक केकसाठी येत आणि केक दोनदा पाहिल्याशिवाय उठत नसत. कधी कधी तीनदा.

तेव्हा मला तो मान वाटे. आज कळते की दर वेळी ओढताना जमिनीवरची धूळ माझ्या अंगावर बसत होती, दाते भोकांच्या कडा कुरतडत होते. बाकीची मी धडधाकट होते. झिजत होता तो फक्त तो प्रसंग, लोकांना सगळ्यांत आवडणारा.

मित्रांनो, आता तिकीटबाईंची गोष्ट. ती मला फार नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे अंधारात राहणार नाही.

टेबलाच्या टोकाला हसलेल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला एक मुलगी होती. ती अंगावर पीत होती तेव्हाच आई गेली. बाईंचा फोटो एकही नव्हता. सगळे म्हणत काढू, आणि काढायचा राहून गेला. मुलीला मावशीने वाढवले. मुलगी कळती झाली आणि विचारू लागली, "मावशी, आई कशी दिसायची गं?" मावशीला सांगता येईना. ती म्हणे, "तुझ्यासारखीच. नाही, नाक वेगळं होतं. अगं, ती एका सिनेमात आहे. छत्रीवाल्या पाहुण्याच्या. टेबलाच्या टोकाला, ट्रे घेऊन. तिथे जा आणि बघ."

ती मुलगी मोठी झाली, संसारी झाली, आणि मी ज्या थिएटरात राहत होते तिथे तिकिटाच्या खिडकीवर कामाला लागली. दुसरीकडे बरे काम मिळत होते, ते सोडून. मला पडद्यावर आणले की ती केकच्या प्रसंगाच्या जरा आधी खिडकी बंद करी आणि आत येऊन दाराच्या पडद्याशी उभी राही. हातात तिकिटांचे गठ्ठे तसेच. लोक पाहुण्याकडे बघत. ती टेबलाच्या टोकाकडे बघे. एक श्वास, आणि परत खिडकीवर.

तिने हे कुणाला सांगितले नाही. काय सांगणार? लोक खिदळत असताना मध्येच उभे राहून, ही माझी आई, असे म्हणता येत नाही.

मास्तरांना वरच्या खिडकीतून ती रोज दिसे. अंधारात चेहरा दिसत नसे, नुसती आकृती. त्यांना वाटे, हिला तो केक फारच आवडतो. खाली भेटली की चिडवत, "काय तिकीटबाई, पोट भरलं का केकने?" ती म्हणे, "कुठलं भरतंय, मास्तर!" मास्तर खूश होत. मग असे होऊ लागले की शिट्ट्या कमी पडल्या, लोकांनी फारसा आग्रह केला नाही, तरी पडद्याशी ती उभी दिसली की मास्तर आपणहून मला मागे ओढत. तिच्यासाठी. तिला तेवढाच आनंद म्हणून.

आणि मी आणखी झिजत गेले.

एका सुट्टीच्या दिवशी थिएटर खच्चून भरले होते. केक आदळला, आरोळ्या उठल्या. मास्तरांनी एकदा मागे घेतले. पुन्हा आरोळ्या. मास्तरांनी खिडकीतून पाहिले, ती अजून उभी होती. "घ्या, तिकीटबाईंनापण हवंय," असे ते स्वतःशीच म्हणाले आणि मला तिसऱ्यांदा ओढली. पाहुणा वाकला. केक निघाला. टेबलाच्या टोकाला बाईने मनगट उचलून तोंडाशी नेले आणि तिथेच माझी फाटकी भोके दात्यांतून निसटली. मी अडकले, दिव्यासमोर.

दिव्यासमोर फिल्म थांबली की काय होते, तुम्हाला ठाऊक नसेल. पडद्यावर तो हसरा चेहरा क्षणभर स्तब्ध राहिला. सगळ्यांनी तो तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिला असेल. मग त्याच्या मधोमध एक तपकिरी डाग उमटला, फुगला, त्याला बुडबुडे आले आणि चेहरा कडांपर्यंत विरघळून गेला. उरला पांढरा उजेड. लोकांना तेही विनोदातलेच वाटले. ते हसले.

मास्तरांनी झटपट दिवा झाकला. खाली खुर्च्या बडवणे सुरू झाले होते. त्यांनी जळका भाग कापला, त्याच्या मागचा-पुढचा भोके फाटलेला भागही कापला, पुन्हा अडकायला नको म्हणून. टोके सांधली आणि खेळ पुढे चालू. पाहुण्याने छत्री शेवटी साहेबांच्या हातात दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिकीटबाई नेहमीसारखी पडद्याशी येऊन उभी राहिली. पाहुणा वाकला. केक निघाला. आणि एकदम भिंतीवर! मधले काही नाही. चित्राने नुसती एक उडी मारली.

खेळ संपल्यावर ती जिना चढून मशीनच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मास्तर, केक भिंतीवर जायच्या आधीचं कुठे गेलं?"

"कालचं होय? जळलं ना ते. काढून टाकलं. काळजी नको, कुणाला कळलंसुद्धा नाही."

"काढून टाकलं म्हणजे कुठे टाकलं?"

मास्तर हसले. "का हो, तुमचा खायचा राहिला होता का केक?"

ती हसली नाही. तेव्हा मास्तरांनी हातातले कापड खाली ठेवले आणि स्टूल पुढे सरकवले. ती बसली नाही.

"माझी आई होती त्यात."

"तुमची आई? कोण, मोत्यांच्या माळेवाली?"

"नाही. टेबलाच्या टोकाला. ट्रे घेऊन."

मास्तर आठवू लागले. जगात मला त्यांच्याइतके कुणी पाहिले नसेल. माझा प्रत्येक ओरखडा त्यांना पाठ होता. त्यांनी डोळे मिटले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळे उघडले.

"तिथे कुणी बाई होती?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, मी जळले तेव्हा मला जेवढे लागले नाही तेवढे या एका वाक्याने लागले. मास्तर खोटे बोलत नव्हते. ते ठिपका बघत असत. आणि बाकीचे सगळे पाहुण्याकडे.

मग मास्तरांच्या मनात काहीतरी आले आणि त्यांची नजर फळीवरच्या चिकट्याच्या बाटलीकडे गेली. जे जळले ते गेलेच होते, पण भोके फाटलेला जो तुकडा कापला होता त्यावरची चित्रे शाबूत होती. तो त्यांनी नेहमीच्या सवयीने काल संध्याकाळीच भिजवला होता.

"चिकटा संपत आला होता," ते म्हणाले. "मी तो... मी खरवडला."

त्यांनी बाटली उचलून दिव्यासमोर धरली. आत काही दिसले नाही. पाण्यासारखे नितळ, थोडे दाट.

"इतकी वर्षं तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलणार होते, मास्तर? तुम्ही मागे घ्यायचात, मला ती दोनदा दिसायची. लोक ओरडायचे ना, तेव्हा मीपण मनातल्या मनात ओरडायचे. वन्स मोअर, म्हणून."

"आणि मी तुम्ही उभ्या दिसलात की मुद्दाम..." मास्तर बोलता बोलता थांबले. पुढचे दोघांनाही कळले.

नंतर मास्तरांनी खूप धडपड केली. जिथून सिनेमे येत तिथे फोन केले. माझ्या बहिणींची चौकशी केली. त्या जुन्या झाल्यावर त्यांच्या चित्रांच्या थरात असते ती चांदी काढून घेऊन त्यांना जाळून टाकले होते. मग माझ्या आईची चौकशी केली. पलीकडच्या माणसाने सांगितले, गोदामाचे छप्पर गळत होते, पाण्याने सगळी रिळे एकमेकांना चिकटून त्यांचा दगड झाला, फेकून दिली. माझी आई गेल्याचे मला असे कळले, मास्तरांच्या हातातल्या फोनमधून. त्या खोलीत तेव्हा आम्ही दोघी होतो, आई गेलेल्या. एक डब्यात, एक दाराशी.

शेवटी मास्तरांनी मला टेबलावर पसरले आणि भिंग घेऊन त्या सांध्याशी बसले. किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग एकदम म्हणाले, "इकडे या! हे बघा."

सांध्याच्या अगदी आधी काही चित्रे शिल्लक होती. त्यांत टेबलाचे टोक नुकतेच कडेने आत येत होते. ट्रेचा कोपरा, एक पेला, आणि ट्रे धरलेला एक हात. चेहरा नाही. पण मनगट होते, त्यावर काचेची एक बारीक बांगडी.

तिने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.

"ही बांगडी मावशीकडे आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी लगेच कात्री उचलली. "ही चित्रं मी तुम्हाला काढून देतो. काचेत बसवा, घरी लावा. कुणाला विचारायची गरज नाही. मालकांना मी सांगतो काय ते."

कात्री माझ्या अंगाला लागली होती. तेवढ्यात तिने मास्तरांचा हात धरला.

"नको, मास्तर. आता आणखी कापू नका."

"अहो, पण तुमच्याजवळ काहीतरी..."

"असू दे तिथेच. ती कामावर आहे."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी वन्स मोअर कधीच दिले नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या, खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या. मालकांनी वर येऊन विचारले, "काय मास्तर, संन्यास घेतलात का?" मास्तर म्हणाले, "फिल्म नाजूक झालीय." लोक हळूहळू कमी झाले. दुसऱ्यांदा बघायला मिळत नसेल तर पहिल्यांदा तरी कशाला बघायचे, असे त्यांना वाटले असावे. मी डब्यात पडून राहू लागले. तिकीटबाई मात्र अधूनमधून वर येऊन मास्तरांना चहा देऊन जाई आणि माझ्या डब्यावरची धूळ पदराने पुसून जाई.

मग थिएटर बंद व्हायचे ठरले. तिथे फर्निचरचे दुकान येणार होते. शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, मास्तरांनी मला बाहेर काढले आणि खाली हाक मारली, "तिकीटबाई, खिडकी बंद करा! आज तिकीट नाही."

रिकामे थिएटर. निम्म्या खुर्च्या आधीच उचललेल्या. मास्तरांनी मला दात्यांत बसवले, असे हलके की मला कळलेही नाही. तिकीटबाई दोघांसाठी चहा घेऊन आली होती. एक पेला वर न्यायचा होता, पण सिनेमा सुरू झाला म्हणून ती दोन्ही पेले हातांत धरून खालीच उभी राहिली, नेहमीच्या जागी.

पाहुणा दारात आला. "अहो, मी फक्त छत्री..." पेला हातात आला. मोत्यांची माळ तुटली. टोप उडाला. आता केस पांढरे होऊ लागलेली ती बाई तिथे उभी राहून बघत होती. आणि मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, तिने पाहुण्याला कधी नीट पाहिलेच नव्हते! इतक्या वर्षांत तिचे डोळे टेबलाच्या टोकावरच असत. आज टोकाला कुणी येणार नव्हते, म्हणून ती पहिल्यांदा त्या वेंधळ्याकडे बघत होती. तो वाकला. छत्री अडकली. त्याला कळले की काहीतरी अडकले आहे, पण सरळ झाल्याशिवाय बघता येणार नव्हते, आणि सरळ झाला तर अनर्थ होणार होता. त्याचा तो चेहरा! केक निघाला, संथ, जहाजासारखा. कडेला मनगट आले, बांगडी चमकली. सांधा गेला. भिंतीवर केक.

आणि ती खुदकन हसली.

हसू आवरेना. दोन्ही हातांत पेले, तोंड झाकायला हात मोकळा नाही. तिने मनगट उचलून तोंडावर धरले. खांदे गदगदत होते, चहा हिंदकळत होता.

मास्तर वरच्या खिडकीतून बघत होते. पडद्याकडे नाही. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा ठिपका चुकला. रीळ संपले, माझे टोक चाकावर फटफट आपटू लागले, दुसरे मशीन सुरूच झाले नाही. पडदा नुसता पांढराशुभ्र झाला आणि तो सगळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला.

तिने मान वर करून खिडकीकडे पाहिले. "मास्तर, झोपलात की काय?"

"नाही, ताई," मास्तर वरून म्हणाले. "बघतोय."

हे कुठल्याच फिल्मवर नाही. मी तिथेच होते, पण त्या रिळावरचे माझे शेवटचे चित्र तोवर दिव्यासमोरून निघून गेले होते. मला ते उतरवून घेता आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मास्तर गेले. त्यांनी पाहिले होते, ते त्यांच्याबरोबर गेले. जाण्याआधी त्यांनी मला तिकीटबाईंच्या हवाली केले, म्हणून मी या घरात, या कपाटावर आहे. तुम्ही ज्यांना आजी म्हणता, त्या आता आतल्या खोलीत झोपल्या आहेत.

मित्रांनो, मला मशीनवर चढवायचा हट्ट धरू नका. मला आता ते सोसणार नाही. डबा थंड, कोरड्या जागी ठेवा, उन्हात नको. मात्र आजी उठल्या की त्यांना काहीतरी सांगा, छत्रीचे म्हणा, केकचे म्हणा, आणि त्या हसल्या की तेव्हाच नीट बघा. पुन्हा हसा म्हणू नका. आणि सगळे एखाद्या पडणाऱ्या माणसाकडे बघत असतील, तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी टेबलाच्या टोकाकडे नजर टाका. तिथे कुणीतरी ट्रे घेऊन उभे असते.

आता झाकण लावा, हळू. माझी पट्टी ठिसूळ झाली आहे, जरा ओढली तर कुठेही तुटेन. पण त्या बाटलीतल्या चिकट्याने मास्तरांनी नंतर माझे जे जे सांधले, त्यातला एकही सांधा अजून सुटलेला नाही.